अंगणांत आलेली शाळा



आपल्या सुशिक्षित घरांतून मुलाच्या संगोपनाची एक वांटणी ठरून गेलेली आहे. ताप आला कीं डॉक्टर, गणित चुकूं लागलें कीं शिकवणीचे मास्तर, आणि मूल फारच अबोल वा हट्टी झालें कीं अलीकडे मानसशास्त्राचा सल्लागार. तिघेही आपापल्या परीनें शहाणे असतात. फक्त त्या तिघांची गांठ एकमेकांशीं कधीं पडत नाहीं. मूल हें एकच आहे, आणि त्याचें पोट, त्याची बुद्धि व त्याचें मन हीं एकाच कातडीखालीं नांदतात, ही साधी गोष्ट सांगण्यासाठीं पाश्चात्त्य पंडितांना एक स्वतंत्र शब्द घडवावा लागला. तो शब्द जनरल स्मट्स ह्यांनीं १९२६ सालीं आपल्या ग्रंथांत प्रचारांत आणला. अवयवांच्या बेरजेहून साकल्य हें कांहीं निराळें व मोठें असतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. हेच स्मट्स दक्षिण आफ्रिकेचे मुत्सद्दी. आणि त्यांच्या राज्यांत कातडीच्या रंगावरून माणसांची विभागणी बिनदिक्कत चालू होती. तेव्हां ह्या शब्दाचा इतिहास पंडितांवर सोपवून, त्या शब्दांतला अर्थ आपल्या ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कांहीं स्त्रियांच्या हातून कसा घडत गेला, तें आज आपणांपुढें मांडावें असा माझा विचार आहे.

आरंभ मात्र समुद्रापलीकडेच करावा लागतो. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेन्झो नांवाच्या गरीब वस्तींत मारिया माँटेसोरी ह्या बाईंनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. बाई पेशानें डॉक्टर. मंदबुद्धि मुलांच्या शुश्रूषेंतून त्या शिक्षणाकडे वळल्या होत्या. तेथील जुन्या चाळींची डागडुजी झालेली, आईबाप दिवसभर कामावर, आणि मागें राहिलेलीं मुलें नव्या भिंतींची नासधूस करीत; तेव्हां त्यांना एका खोलींत गुंतवून ठेवावें, हा चाळीच्या चालकांचा अगदीं व्यवहारी हेतु होता. त्या व्यवहारांतून माँटेसोरीबाईंनीं एक शास्त्र उभें केलें. शिक्षिकेनें त्याच चाळींत बिऱ्हाड करावें, आयांनीं आठवड्यांतून एकदां तरी तिच्याशीं मुलाबद्दल बोलावें, मुलांची उंची व वजन नियमानें मोजलें जावें, अशी तेथील व्यवस्था होती. शाळा, दवाखाना आणि शेजार हीं तिन्ही एका छपराखालीं आलीं. परंतु त्याच नियमांत आणखी एक कलम होतें: न धुतलेल्या अंगानें किंवा मळक्या कपड्यांनीं येणाऱ्या मुलास बालगृहांतून काढून टाकावें. हें कलम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्याच्याकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

त्याच सुमारास लंडनच्या डेप्टफर्ड भागांत रेचेल व मार्गरेट मॅक्मिलन ह्या दोघी बहिणी उलट बाजूनें चालत त्याच ठिकाणीं येऊन पोंचल्या. बोअर युद्धाच्या भरतीला आलेले पुष्कळसे तरुण शरीरानें नालायक ठरले, तेव्हां इंग्रज सरकारला जाग आली. १९०६ सालीं शाळेंतील मुलांना जेवण देण्यासंबंधीं आणि १९०७ सालीं त्यांच्या वैद्यकीय तपासणीसंबंधीं कायदे झाले. मुलाच्या भुकेची आठवण राज्याला शिपायाच्या निमित्तानें व्हावी, हें इतिहासांत नवल नव्हे. मॅक्मिलन भगिनींनीं १९१० मध्यें डेप्टफर्ड येथें शाळकरी मुलांसाठीं दवाखाना चालविला. डोळे, कान, कातडी, दांत ह्यांच्या दुखण्यांनीं बेजार झालेलीं मुलें तेथें बरीं होत, आणि थोड्याच आठवड्यांनीं तेंच दुखणें घेऊन पुन्हां दाराशीं उभीं राहत. औषधांत खोट नव्हती. परंतु बरें झालेलें मूल परत जाई तें त्याच कोंदट खोलींत, त्याच अपुऱ्या अन्नाकडे व त्याच अपुऱ्या झोंपेकडे. ह्या अनुभवानें शहाण्या होऊन त्यांनीं प्रथम मोकळ्या हवेंत झोंपण्याची छावणी काढली आणि १९१४ सालीं बागेंतील शिशुशाळा. तेथें अंघोळ, न्याहारी, दुपारची झोंप आणि खेळ हाच अभ्यासक्रम होता. रोमच्या डॉक्टरीणबाई शाळेकडे आल्या. डेप्टफर्डच्या भगिनींना दवाखान्यानेंच शाळेच्या दारीं आणून सोडलें.

आतां आपल्याकडे वळूं. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका ह्या वकिलानें वकिली सोडून १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें. माँटेसोरीबाईंच्या ग्रंथानें त्यांना वेड लावलें होतें. १९२३ सालीं त्यांना एक सहकारी मिळाल्या, त्या म्हणजे ताराबाई मोडक. प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरांत १८९२ सालीं मुंबईस जन्मलेल्या, १९१४ सालीं पदवी घेतलेल्या, राजकोटच्या स्त्रीशिक्षणसंस्थेंत प्रमुख म्हणून मानानें नांदलेल्या ह्या बाई. त्या स्थैर्यावर पाणी सोडून लहानग्यांत जाऊन बसल्या. दोघांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापला, शिक्षणावर मासिक चालविलें, पुस्तकें लिहिलीं. पुढें ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. दादरच्या पांढरपेशा घरांना तो फार मानवला. मुलाला मारूं नये, भरवतांना दटावूं नये, त्याच्या हालचालींना अर्थ असतो, ह्या गोष्टी आपल्या आज्यांच्या कानीं प्रथम पडल्या त्या ह्याच मंडळींच्या तोंडून. आईबापांना सल्ला देणें हें बालशिक्षणाचेंच अंग आहे अशी ताराबाईंची धारणा होती, आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग पालकांसाठींच आहे.

हें काम उत्तमच होतें. पण तें मुख्यतः आपल्यासारख्यांच्या मुलांचें काम होतें, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. गुळगुळीत लांकडाचे मनोरे, रंगांच्या पेट्या, नीटनेटकें मेज, आणि सकाळीं न्हाऊनमाखून, दूध पिऊन आलेलीं मुलें! त्यांच्या शरीराची चिंता घरानें आधींच वाहिलेली असल्यामुळें शाळेला तेवढी बुद्धीची व मनाची चिंता करण्याची मोकळीक मिळे. साकल्य तेथेंही होतें. परंतु त्याचा अर्धा भार आई उचलीत होती आणि तो दिसत नव्हता.

तो दिसूं लागला बोर्डीला. गुजरातच्या सीमेलगत समुद्रकांठीं वसलेलें हें गांव आचार्य भिसे ह्यांच्या शिक्षणकार्यामुळें नांवारूपास आलें होतें. तें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडे. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. तेथें डिसेंबर १९४५ मध्यें संघानें ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. ताराबाई त्या वेळीं ५३ वर्षांच्या होत्या. बहुतेक माणसें ज्या वयांत केलेल्या कामाची गोळाबेरीज करूं लागतात, त्या वयांत त्यांनीं पाटी पुसून नवा धडा गिरवावयास घेतला. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. वय ३५. तेराव्या वर्षीं लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, पुढें शिक्षिकेचें प्रशिक्षण, नाशिक जिल्ह्यांतील खेड्यांत व मग पुण्यास नोकरी, अशी त्यांची वाटचाल. कस्तुरबा न्यासाच्या बोरिवली येथील शिबिरांत दोघींची गांठ पडली, आणि ती ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, सुटली नाहीं.

बोर्डीस आल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो शिक्षणशास्त्राच्या कोणत्याच ग्रंथांत नव्हता. मुलें येतच नव्हतीं. आणि जीं येत तीं कशीं? केंसांत जटा, नाकाला शेंबूड, अंगावर खरूज, नखें वाढलेलीं, कित्येकदां अंगावर चिंधीही नाहीं. रोमच्या नियमाप्रमाणें ह्या मुलांना परत पाठवावयाचें. बोर्डीला तो नियम उलटा फिरविण्यांत आला. मुलांना गोळा करून आणावें, त्यांना न्हाऊं घालावें, नखें कापावीं, केंस विंचरावे, आणि मग खेळावयास बसवावें, हाच शाळेचा पहिला तास ठरला. ही केवळ भूतदया होती असें मला वाटत नाहीं. ज्या मुलाच्या अंगाला जन्मांत कोणीं शिक्षित माणसानें हात लावलेला नाहीं, त्याच्या पाठीवरून शिक्षिकेचा हात फिरतो, तेव्हां एकाच क्रियेंत तीन गोष्टी घडतात. खरूज धुतली जाते. पाणी, डोकें, हात, पाय हे शब्द कानीं पडतात. आणि आपण हात लावण्याजोगे आहों ही जाणीव त्याच्या मनांत उतरते. त्या काळच्या खेड्यांत ही तिसरी गोष्ट किती मोलाची होती, हें अस्पृश्यतेचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको.

साहित्याचाही प्रश्न असाच सुटला. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, ओढ्यांतील गोटे, बिया, पानें, फुलें ह्यांनीं लांकडी पेट्यांची जागा घेतली. लहानमोठें, हलकेंजड, खरबरीतगुळगुळीत हें सारें त्यांतून शिकवितां येई, आणि हरवलें तर कोणी रागें भरत नसे. खर्चाच्या दृष्टीनें ही सोय झालीच; पण शाळेंतील वस्तु आणि घराभोंवतालची वस्तु एकच झाल्यामुळें मुलाचें जग दुभंगलें नाहीं.

तरीही दलित वस्तींतील, त्या काळच्या भाषेंत हरिजनवाड्यांतील, मुलें पुरेशीं येईनात. गांवांतील बालवाडी आणि तो वाडा ह्यांमधलें अंतर पावलांनीं मोजावयाचें नव्हतें. तेव्हां ह्या बायांनीं ठरविलें, मूल शाळेंत येत नाहीं ना, मग शाळेनें मुलाकडे जावें. त्यांनीं आपलें सामान उचललें आणि वस्तींतील घरापुढच्या सारवलेल्या अंगणांतच शाळा मांडली. ह्या अंगणांतल्या बालवाडीला नांव पडलें अंगणवाडी. आज हा शब्द उच्चारतांना आपल्या डोळ्यांपुढें पाटी लावलेली एक खोली येते. परंतु मूळ अर्थ एवढाच कीं, अंगण त्या घराचें आणि पाहुणी ती शिक्षिका.

अंगणांत शाळा भरली म्हणजे काय काय आपोआप घडतें, ह्याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. चुलीपुढें बसलेली आई दारांतून सारें पाहते. बाई मुलाची जखम कशी धुते, रडणाऱ्याला न मारतां कसा गप्प करते, हें तिला व्याख्यानावांचून दिसतें. उलट बाईलाही दिसतें कीं घरांत आज चूल पेटलेली नाहीं, बाप पिऊन पडला आहे, थोरली मुलगी तापानें फणफणली आहे. मग काल हुशारीनें मणी ओंवणारें पोर आज मुकें कां बसलें आहे, हें तिला कोणा तज्ज्ञास विचारावें लागत नाहीं. ज्याला आपण आज समुपदेशन म्हणतों आणि ज्यासाठीं वेळ ठरवून, खुर्च्या समोरासमोर मांडून बसतों, तें तेथें जात्यापाशीं उभ्या उभ्या होऊन जाई. अशा बोलण्यांत सल्ला देणाऱ्याची पायरी वरची राहत नाहीं, हा त्यांतला मला दिसणारा सर्वांत मोठा गुण. दादरच्या पालकाला लेख वाचून जें कळे, तें येथें बाईला आधीं स्वतः शिकावें लागे.

येथें एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. ज्या १९४५ सालीं बोर्डीला हें केंद्र निघालें, त्याच सालीं त्याच मुलखांत, उंबरगांव आणि डहाणू तालुक्यांतल्या पाड्यांवर, वारल्यांचा उठाव पेटला होता. शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य त्यांचें पुढारपण करीत होतें. जमीनदाराकडून लग्नापुरते पैसे काढावेत आणि त्यापायीं नवराबायकोनें त्याच्या दारीं राबत राहावें, ही तेथली रीत. अशा गड्याला नांवच होतें लग्नगडी. वेठ व ही गुलामी ह्यांविरुद्ध तो लढा होता. आतां विचार करा, ज्या मुलाचा बाप लग्नगडी आहे त्याचें साकल्य कोणत्या अंगणांत पुरें होणार? नखें कापून व गाणीं शिकवून त्याचा सावकार जात नाहीं. ताराबाईंचें काम आणि परुळेकरांचें काम हीं निराळ्या वाटांचीं कामें होतीं आणि त्यांचे मार्गही जमण्यासारखे नव्हते. तथापि ह्या मुलखांतील आदिवासी मूल पुढें शाळेच्या पायरीपर्यंत चालत आलें, त्याचें श्रेय मी दोहींकडे वांटून देईन. वेठ संपली नसती तर शाळेंत बसावयास पोर मोकळें झालें नसतें. बालशिक्षणाच्या आपल्याकडील इतिहासांत ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगितली.

१९५७ सालीं केंद्र बोर्डीहून आंत कोसबाडच्या टेकडीवर गेलें. येथें वस्ती वारल्यांची. एक गांव म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे, दोन झोंपड्यांमध्यें शेत नाहीं तर रान. पावसाळ्यांत अन्नाचा तुटवडा, आणि दुखणें आलें तर प्रथम भगत. बोर्डीची युक्ति येथें जशीच्या तशी चालेना. शाळेच्या वयाचीं मुलें येत नाहींत असें दिसलें, आणि कारण शोधतां तें कडेवर सांपडलें. आईबाप कामावर गेल्यावर सहासात वर्षांच्या मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळावें लागे. ती शाळेंत कशी येणार? सरकारी शाळेच्या हजेरीपटावर अशी मुलगी नुसती गैरहजर असते. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं भरविण्यांत आलीं. कडेवरचें मूल पाळण्यांत, मधलें बालवाडींत, थोरली पहिलींत. ह्या योजनेचें नांव विकासवाडी. पहिलींतली मुलगी मधूनच उठून भावाला पाहून येई, ह्यांत कोणाला बेशिस्त वाटली नाहीं.

मुलगे गुरांमागें जात. गुरें सोडून शाळेंत ये म्हणणें म्हणजे घरच्या उत्पन्नावर घाव घालणें. तेव्हां शिक्षक कुरणांत गेला, आणि गुरें चरत असतां झाडाखालीं धडा होऊं लागला. ही कुरणशाळा. ज्यांनीं हिला गंमत म्हणून हंसण्यावारी नेलें असेल, त्यांनीं त्या मुलांना दुसरी कोणती शाळा मिळाली असती, हेंही सांगावें.

ह्या साऱ्या प्रयोगांत मला एक सूत्र दिसतें. प्रत्येक वेळीं ताराबाई-अनुताईंनीं मुलाच्या एका उणिवेचा माग काढला आणि तो माग त्यांना त्यांच्या खात्याबाहेर घेऊन गेला. घाणीचा माग पाण्याकडे, गैरहजेरीचा माग पाळण्याकडे, आणि अबोलपणाचा माग चुलीकडे. प्रत्येक वेळीं त्या त्या मागावर गेल्या. हें आमचें काम नव्हे असें म्हणून कुंपणाशीं थांबणें किती सोपें असतें, तें आपणां शहरवासीयांस ठाऊक आहे.

१९७४ सालीं भारत सरकारनें बालकांसंबंधीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ विभागांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिचें गांवांतील केंद्र म्हणून नांव उचललें गेलें तें बोर्डीचें, अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गंभीर दुखणेंकऱ्यास पुढें दवाखान्यांत पाठविणें, शाळापूर्व शिक्षण आणि आयांना पोषण व आरोग्य ह्यांचें ज्ञान देणें, अशा ६ सेवा त्या एका ठिकाणीं एकवटल्या. अर्भकाच्या शरीराचा व बुद्धीचा विचार एकत्र करावयाचा, हें एका मोठ्या राष्ट्राच्या राज्ययंत्रानें मान्य केलें. आज देशांत १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. डेप्टफर्डची बाग किंवा सान लोरेन्झोची चाळ ह्यांच्या तुलनेनें हा विस्तार थक्क करणारा आहे, आणि त्याचें महत्त्व कमी लेखण्याचा माझा मुळींच उद्देश नाहीं. लाखों मुलांच्या पोटांत दुपारचा घांस गेला आणि दंडाला लस टोंचली गेली, ती ह्याच केंद्रांतून.

परंतु विस्तार होतांना कांहीं तरी निसटलें. सहा सेवा झाल्या तशा सहा नोंदी झाल्या. नोंदीसाठीं वह्या आल्या, पुढें भ्रमणध्वनीचें यंत्र आलें. खिचडीचें वजन लिहावें लागतें. मूल आज मुकें कां बसलें, ह्याला रकाना नाहीं. सहांपैकीं जी सेवा मोजावयास सर्वांत अवघड, तें शिक्षण, तेंच बहुधा मागें पडलें. आणि बहुतेक ठिकाणीं अंगणाची खोली झाली, म्हणजे पुन्हां मूलच शाळेकडे येऊं लागलें.

दुसरी गोष्ट त्या बाईची. अनुताई १९९२ सालीं वारल्या. त्यापूर्वीं त्यांना पद्मश्री मिळाली, ताराबाईंना १९६२ सालींच पद्मभूषण मिळालें होतें. ह्या दोघींनीं स्वतःहून पत्करलेला त्याग सरकारनें मात्र पगारपत्रकांत नियम म्हणून घालून ठेवला. अंगणवाडी चालविणारी सेविका कागदोपत्रीं मानसेवी, म्हणून तिला वेतन नाहीं, मानधन. तिनें मूल तोलावें, गरोदर बाईच्या घरीं जावें, स्वयंपाकावर लक्ष ठेवावें, गाणीं म्हणावीं, आईची समजूत काढावी, वह्या भराव्या. आणि निवृत्तीच्या वेळीं तिला सांगितलें जावें कीं तुझें काम अर्धवेळाचें होतें. ह्याविरुद्ध गुजरातेंतील सेविकांनीं दाद मागितली. २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि त्यांच्यावर सोंपविलेल्या कामाची यादी पाहतां तें अर्धवेळाचें काम होय, हें म्हणणें मान्य करण्यास नकार दिला.